जुनी डब्ल्यूआरएक्स, इंडिपेंडन्स पास आणि वाहनतळावरची अडखळ

सहा_तारे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वाहनांच्या या विभागात मी आजवर वाचनमात्र होतो, कारण लिहिण्याजोगे काही घडले नव्हते. गेल्या महिन्यात घडले, म्हणून हा धागा काढत आहे. अर्धा मजकूर प्रवासाचा आहे आणि शेवटी एक तांत्रिक प्रश्न आहे. मात्र तो प्रश्न प्रवासातच उद्भवल्यामुळे दोन्ही वेगळे करता आले नाहीत.

माझ्याकडे २००४ सालची सुबारू इंप्रेझा डब्ल्यूआरएक्स आहे. दोन लिटरचे, आडव्या सिलिंडरांचे टर्बो इंजिन, २२७ अश्वशक्ती, हाताने बदलायचे पाच गिअर आणि चारही चाकांना सदैव मिळणारी ताकद, असा तिचा थाट. मी तिचा तिसरा मालक असून मीटरवर १,६८,००० मैल झाले आहेत. मागच्या चाकांच्या कमानींवर गंज चढू लागला आहे, कारण आमच्या कोलोराडोत हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात आणि ते पत्र्याला सोडत नाही. दारांच्या काचांना चौकट नाही, त्यामुळे ताशी साठ मैलांच्या पुढे गेले की डाव्या काचेच्या फटीतून बारीक शिट्टी वाजू लागते. ही शिट्टी थांबवण्यासाठी मी दोनदा रबर बदलले आणि नंतर नाद सोडला.

सप्टेंबरच्या अखेरीस साताऱ्याहून माझे मामा आले होते. त्यांनी बत्तीस वर्षे एसटीत चालक म्हणून नोकरी केली आणि त्यांतील बरीचशी महाबळेश्वर ते पोलादपूर या आंबेनळी घाटात गेली. इथले प्रशस्त हमरस्ते पाहून ते दोन दिवसांतच कंटाळले होते. "तुमच्याकडे घाट नाही का रे एखादा?" असे त्यांनी विचारल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही डेन्व्हर सोडले.

आय-७० या हमरस्त्यावरचा आयसेनहॉवर बोगदा मी मुद्दाम टाळला. ज्वालाग्राही माल नेणाऱ्या वाहनांना त्या बोगद्यात मज्जाव असल्याने त्यांना ११,९९० फुटांवरच्या लव्हलँड पास या खिंडीवरून वळसा घालावा लागतो. साहजिकच आमच्या पुढे पेट्रोलचा एक लांबलचक टँकर आला आणि मामांची कळी खुलली. पुढची दहा मिनिटे ते रस्ता पाहतच नव्हते, तो चालक वळणाआधी कोणत्या जागी गिअर पाडतो एवढेच न्याहाळत होते. तिथून फ्रिमाँट पास, क्लायमॅक्सची मॉलिब्डेनमची खाण आणि दहा हजार फुटांवर वसलेले लेडव्हिल हे गाव मागे टाकून आम्ही ट्विन लेक्सच्या तळ्यांकाठून जाणाऱ्या ८२ क्रमांकाच्या रस्त्याला लागलो. इंडिपेंडन्स पास म्हणतात तो हाच.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. खिंडीची उंची १२,०९५ फूट. हिवाळाभर रस्ता बंद असतो आणि मे महिन्याच्या अखेरीस बर्फ काढून तो उघडतात. पस्तीस फुटांहून लांब वाहनांना सक्त मनाई आहे, आणि ही मनाई का आहे ते पश्चिमेकडच्या उतारावर कळते, कारण तिथे काही ठिकाणी मधली रेघच नाहीशी होते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोरून येणाऱ्या गाडीशी डोळ्यांनीच बोलून ठरवायचे की कोणी थांबायचे.

पूर्वेकडच्या चढावर अस्पेनची झाडे ऐन पिवळी झाली होती. दरीच्या टोकाशी पहिले हेअरपिन वळण येते, ते जरा सविस्तर सांगतो, कारण या गाडीचे सारे गुणदोष त्या एका वळणात दिसतात. तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचे आणि ब्रेकचे सगळे काम स्टिअरिंग वळवण्यापूर्वी संपवायचे. वळणाच्या तोंडाशी इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर असते आणि अगदी निवांत भासते. त्या उंचीवर हवाच विरळ, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो अजून जागा झालेला नाही. ॲक्सिलरेटर हलकेच दाबून क्षणभर वाट पाहावी लागते. मग बॉनेटवरच्या नाकपुडीतून हवा ओढल्याचा आवाज येतो, तीन हजारांच्या पुढे ताकद भरते आणि पुढची चाके आतल्या बाजूला ओढत असतानाच मागची चाके पाठीत हात घालून पुढे ढकलत आहेत असे सीटमधून स्पष्ट जाणवते. हे सगळे ताशी जेमतेम पंचवीस मैलांवर घडते. कोणताही नियम मोडावा लागत नाही, टायर किंचाळत नाहीत, शेजारी बसलेल्या माणसाच्या हातातला चहाही सांडत नाही. (चहा थर्मासमधला होता आणि खरोखरच सांडला नाही.)

आता प्रश्नाकडे वळतो. माथ्यावरच्या वाहनतळात जागा शोधताना मी स्टिअरिंग पूर्ण वळवले, तेव्हा गाडी अडखळू लागली. क्लच सोडला तरी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ती हिसके देत सरकत होती आणि मागचा टायर डांबरावर घासल्याचा आवाज येत होता. मी घाबरून थांबलो. मामा खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हिची मागची चाकं पुढच्या चाकांशी भांडतायत." आंबेनळीत त्यांनी चालवलेल्या बसला पुढच्या चाकांची ताकद नव्हती, त्यामुळे हे त्यांना कसे उमगले ते मला आजही कळलेले नाही.

उतार आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरलो. मामांचा उजवा पाय प्रत्येक वळणाआधी खालचा गालिचा दाबत होता. रात्री ॲस्पेन गावात मुक्काम केला आणि सकाळी थंड गाडी तशीच पूर्ण वळवून पाहिली, तर अडखळ अजिबात नाही. पंचवीस मैल चालवल्यावर पुन्हा तीच तक्रार. मधला डिफरन्शिअल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक सांभाळणारा भाग, गेला असे समजायचे का? दोन गॅरेजमध्ये विचारले. एकाने संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला दिला आणि दुसऱ्याने गाडी विकून टाकण्याचा.

घाटवाट

वर्णन वाचून आंबेनळी डोळ्यांपुढे उभा राहिला. तांत्रिक बाबतीत माझी मती चालत नाही, तेव्हा जाणकार बोलतीलच. आपले सदस्यनाम मात्र आवडले. सुबारू हे कृत्तिकांचे जपानी नाव आहे आणि गाडीच्या बिल्ल्यावर सहा तारे असतात, एक मोठा आणि पाच लहान. पाच कंपन्या एकत्र येऊन १९५३ मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीज झाली, त्याची ती खूण. आपल्याकडेही कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिका सहाच, सात नव्हेत, ही गोष्ट मला नेहमी मजेशीर वाटत आली आहे.

मामांना नमस्कार सांगावा.

तेलकट_हात

धागाकर्ते, गिअरबॉक्स बदलण्यापूर्वी आणि गाडी विकण्यापूर्वी एक शिवणाची टेप आणा. मी गंमत करत नाही. कारण सांगतो.

गाडी वळते तेव्हा चारही चाके वेगवेगळ्या लांबीची वाट कापतात. आतल्या चाकाची वाट सर्वांत लहान असते, बाहेरच्या चाकाची मोठी, आणि पुढच्या दोन चाकांची सरासरी वाट मागच्या दोन चाकांपेक्षा नेहमी अधिक भरते. डावे आणि उजवे यांतला फरक पुढचा व मागचा डिफरन्शिअल सांभाळून घेतात. पुढचे आणि मागचे यांतला फरक तुमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या शेपटाकडे असलेला मधला डिफरन्शिअल सांभाळतो. तो नसता तर कोरड्या डांबरावर गाडी वळवताच चाके आपसांत झगडली असती. जुन्या फोर व्हील ड्राइव्ह जीपला पुढचा आस जोडून कोरड्या रस्त्यावर चालवू नये असे सांगतात, ते याचसाठी.

मोकळ्या डिफरन्शिअलचा स्वभाव मात्र असा असतो की एक बाजू घसरू लागली की ताकद तिकडेच वाहून जाते. म्हणून तुमच्या गाडीत त्याला एक व्हिस्कस कपलिंग जोडलेले आहे. एका बंद डब्यात पातळ चकत्यांची चळत असते, एक चकती पुढच्या बाजूशी बांधलेली, तिच्या शेजारची मागच्या बाजूशी, आणि त्यांच्यामध्ये दाट सिलिकॉनचे द्रव भरलेले. दोन्ही बाजू जवळपास सारख्या फिरत असतील तर त्या द्रवाला काही काम नसते. फरक वाढला की चकत्या द्रवाला घुसळतात, ते तापते आणि दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधू लागते. संगणक नाही, सेन्सर नाही, वीज नाही. मला हे यंत्र फार आवडते, कारण त्याला समजून घेण्यासाठी ताक घुसळलेले असले म्हणजे पुरे.

घोटाळा असा की हे द्रव सतत घुसळत राहिले तर सतत तापते आणि सतत तापले तर सैल व्हायचे विसरते. थंड असताना गाडी ठीक आणि पंचवीस मैलांनंतर अडखळणारी, हे लक्षण अगदी तिकडेच बोट दाखवते. प्रश्न एवढाच आहे की कपलिंग म्हातारपणाने बिघडले आहे की त्याला कोणी तरी सारखे घुसळायला लावत आहे. गेल्या वर्षभरात एखादाच टायर बदलला होता का? चारही टायरांचा घेर मोजून इथे लिहा. चारही टायरांच्या घेरांत पाव इंचापेक्षा, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक असू नये असा या गाड्यांचा दंडक आहे.

विद्युल्लता

थोडा वेगळा सूर लावते, राग नसावा. ही गाडी जुनी झाली आहे. तिच्यात घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही आणि आजच्या गाड्यांच्या तुलनेत अपघातात संरक्षण कमी मिळते. मी गेल्या वर्षी दोन मोटरींची विजेवर चालणारी गाडी घेऊन हाच घाट चढले. विजेच्या मोटरीला हवाच लागत नसल्यामुळे बारा हजार फुटांवरही ताकद तसूभर कमी झाली नाही आणि उतारावर ब्रेकला जवळजवळ पाय न लावता बॅटरी पुन्हा भरत गेली. शिट्टी नाही, अडखळ नाही, शिवणाची टेप नाही. आपण ज्याला आनंद म्हणता त्यातील किती भाग गाडीचा आणि किती भाग आपल्या जुन्या ओढीचा, असा प्रश्न मला पडतो.

सहा_तारे

विद्युल्लताताई, राग मुळीच नाही. सुरक्षिततेबाबतचे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. त्यामुळेच मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी आमच्याकडे दुसरी, नवी गाडी आहे आणि ही गाडी मी हिमवादळात बाहेर काढत नाही.

ताकदीचेही खरे आहे. बारा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चौसष्ट टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे टर्बो नसलेले इंजिन तिथे एक तृतीयांशाहून अधिक दम गमावते. टर्बो तो तोटा बराचसा भरून काढतो; पण त्यासाठी त्याला अधिक वेगाने फिरावे लागते आणि जागा व्हायला अधिक वेळ लागतो. आपल्या गाडीत हा वेळ शून्य आहे.

माझा मुद्दा त्या वेळेचाच आहे. वळणाच्या आधी गिअर कोणता, ॲक्सिलरेटर कधी, टर्बो कुठे जागा होईल, याचा अंदाज बांधला आणि तो बरोबर आला की जे समाधान मिळते ते ताशी पंचवीस मैलांवर मिळते. आपल्या गाडीत तेवढे समाधान मिळवायचे तर ती ताशी साठ मैलांवर न्यावी लागेल आणि तो वेग त्या रस्त्यावर कायद्यालाही परवडणार नाही, दरीलाही नाही. बाकी ओढीचा भाग किती ते सांगता येत नाही. बराच असावा.

टायरबाबत: होय, ऑगस्टमध्ये मागच्या डाव्या टायरला कडेला खिळा लागला होता आणि तो दुरुस्त होण्याजोगा नव्हता. टायरवाल्याने त्याच बनावटीचा, त्याच मापाचा एकच नवा टायर बसवून दिला. मोजून सांगतो.

करवीरकर

आमच्याकडेही याच घराण्यातील एक गाडी आहे म्हणून लिहितो. भारतात सुबारू हे नाव लावून नव्हे, तर शेव्हरोले फॉरेस्टर या नावाने एक गाडी काही वर्षे विकली जात होती. बिल्ला शेव्हरोलेचा, आतले यंत्र सारे सुबारूचे: तेच आडवे इंजिन, तीच चारही चाकांची ताकद, मात्र टर्बो नाही. माझी फॉरेस्टर कोल्हापुरात आहे. पेट्रोल पंपावर आजही एखादा बॉनेट उघडून दाखवायला सांगतो आणि इंजिन इतके खाली, इतके पसरट का बसवले आहे असे विचारतो. वजन खाली राहिले की वळणावर गाडी कमी कलते, एवढे उत्तर मी पाठ करून ठेवले आहे. २०१७ च्या अखेरीस शेव्हरोलेची विक्री भारतात बंद झाली आणि सुट्या भागांसाठी परदेशी असलेल्या नातेवाइकांच्या सामानातील किलोंवर डोळा ठेवण्याची वेळ आमच्यावर आली. गेल्या दिवाळीत पुतण्याने मिठाई आणली नाही, चाकाचे बेअरिंग आणले.

आमचा घाट म्हणजे गगनबावड्याहून खाली वैभववाडीकडे उतरणारा करूळ, नाहीतर शेजारचा भुईबावडा. जुलैमध्ये गगनबावड्याला धुके असे उतरते की बॉनेटचे टोक दिसेनासे होते. डोंगरातून वाहून आलेली तांबडी माती वळणावर पसरलेली असते, कडेच्या डांबरावर शेवाळ धरलेले असते आणि चढावर थांबून पुन्हा निघायचे म्हटले की साध्या गाडीचे पुढचे चाक जागच्या जागी फिरते. आमची म्हातारी तिथून अशी निघते की मागे अडकलेल्या जीपवाल्याने एकदा खाली उतरून टायर पाहिले होते.

पण याच कौतुकाने मला एकदा गोत्यात आणले. आंबोलीच्या उतारावर, पावसात, चढताना गाडीने दाखवलेल्या पकडीवर विसंबून मी जरा जोरात होतो. वळणापलीकडे तीन म्हशी रस्त्यात निवांत उभ्या. ब्रेक मारला आणि गाडी सरळ घसरत गेली, कारण ताकद दोन चाकांना मिळो की चारांना, थांबवणारे ब्रेक प्रत्येक गाडीला चारच चाकांवर असतात आणि रस्त्याला धरणारे रबर तेवढेच असते. म्हशींपासून हातभर अंतरावर थांबलो. त्यांनी मान वळवूनही पाहिले नाही.

हिमरेषा

करवीरकरांशी शंभर टक्के सहमत. मी सिएटलला राहते. आमच्या वॉशिंग्टन राज्यात घाटात टायरांवर चढवायच्या बर्फाच्या साखळ्या सक्तीच्या झाल्या की ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या, गाडीला बहुतेक वेळा त्या चढवण्यापासून सूट मिळते, पण डिकीत बाळगाव्या लागतातच. दर हिवाळ्यात स्नोक्वाल्मी पासवर खड्ड्यात गेलेल्या गाड्यांमध्ये अशा गाड्यांची संख्या लक्षणीय दिसते. चढून जाता येते म्हणून लोक चढतात, मग उतरावे लागते.

धागाकर्त्यांसाठी एक सूचना आहे. टेपने घेर मोजताना खाचांची खोलीही मोजा. कोलोराडोत १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात आय-७० च्या डोंगरी भागात, मॉरिसन ते डॉटसेरो, टायरविषयीचा कायदा लागू असतो आणि त्यात खाचांची खोली किमान ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर, असावी लागते. केवळ ऑल व्हील ड्राइव्ह आहे म्हणून ती अट माफ होत नाही. तुमचा पुढचा प्रवास त्याच रस्त्याने होणार.

सहा_तारे

मोजले. गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाकाच्या मध्यावरून टेप फिरवली आणि प्रत्येक माप तीनदा घेतले. पुढचे दोन्ही टायर १९६.२ सेंटिमीटर, मागचा उजवा १९६.३, आणि ऑगस्टमध्ये बसवलेला मागचा डावा १९८.४. खाचांची खोली जुन्या तिघांची साडेचार मिलिमीटरच्या आसपास, नव्याची जवळपास आठ. म्हणजे हिमरेषाताईंच्या कायद्यातही मी नापास झालो.

तेलकट_हात

झाले तर मग. सहा मिलिमीटरची मुभा असताना तुमच्याकडे बावीस मिलिमीटरचा फरक आहे. मनात हिशेब करायचा असेल तर असा करावा: खाच एक मिलिमीटर झिजली की त्रिज्या एक मिलिमीटरने कमी होते आणि घेर सव्वासहा मिलिमीटरने. म्हणजे या गाडीला दोन टायरांच्या झिजेत जेमतेम एका मिलिमीटरचा फरक सोसतो. तुमच्या टायरांमध्ये साडेतीनचा आहे.

आता हा फरक रस्त्यावर काय करतो ते पाहा. जुना टायर एका मैलात सुमारे ८२० फेरे घेतो आणि नवा सुमारे ८११. सरळ रस्त्यावरही मागची दोन चाके दर मैलाला नऊ फेऱ्यांनी मागे-पुढे होतात, आणि तुमच्या मागच्या डिफरन्शिअलमध्येही व्हिस्कस कपलिंग आहे, तेव्हा पहिला भुर्दंड त्याला. त्या फरकाचा निम्मा भाग, म्हणजे साडेचार फेऱ्या, मधल्या कपलिंगच्या वाट्याला येतात. ॲस्पेनपर्यंतच्या तुमच्या वाटेवर त्याने किती ताक घुसळले असेल याचा हिशेब तुम्हीच करा. मामांनी केलेले निदान तंतोतंत खरे आहे. फक्त भांडण लावणारे चाक एकच होते.

माझा सल्ला असा. चारही टायर एकदम बदला, कारण कायद्यामुळे तिघांना तसेही जावेच लागणार आहे. त्यानंतर तीनशे मैल चालवा आणि गरम गाडी वाहनतळात वळवून पाहा. अडखळ गेली तर प्रश्न मिटला. थोडी राहिली तर मधला डिफरन्शिअल बदला. या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये तो शेपटाकडे असल्याने मागचा शाफ्ट आणि मागचे आवरण काढून बाहेर घेता येतो. अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगणाऱ्याला तुमच्या खिशाची जास्त काळजी असावी.

जाता जाता, टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवणारा पट्टा, कधी बदलला आहे? त्याची मुदत १,०५,००० मैल किंवा १०५ महिने, यांतले जे आधी येईल ते. या इंजिनात पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग घाट, टायर, मामा, सगळेच विषय संपतात.

सहा_तारे

बेल्ट आधीच्या मालकाने २०१४ मध्ये बदलल्याची पावती आहे. मैलांच्या हिशेबाने मुदत बाकी आहे आणि महिन्यांच्या हिशेबाने केव्हाच उलटली आहे. मी आजवर मैलच मोजत होतो. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, तेव्हा तोही बरोबरच बदलून घेतो.

घाटवाट

उतारावरच्या ब्रेकविषयी कोणी लिहिले नाही म्हणून एक आठवण. पाच वर्षांपूर्वी आम्ही तुमच्याच राज्यात पाइक्स पीकला गेलो होतो. एकोणीस मैलांचा रस्ता, माथा चौदा हजार फुटांच्या वर. उतरताना वाटेत ग्लेन कोव्हला एक कर्मचारी प्रत्येक गाडी थांबवून, चाकाजवळ यंत्र धरून ब्रेकचे तापमान मोजतो. आमच्या भाड्याच्या गाडीचे ब्रेक इतके तापले होते की आम्हाला अर्धा तास बाजूला बसवून ठेवले. पुढचा चालक मात्र खालच्या गिअरमध्ये उतरला होता, त्याला हात दाखवून लगेच सोडले. त्या अर्ध्या तासात आमच्या सौभाग्यवतींनी मला जे ऐकवले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

सहा_तारे

तीन आठवड्यांनंतर अहवाल देत आहे.

चारही टायर नवे घेतले, चारही एकाच खेपेचे. बसवण्यापूर्वी दुकानातच टेप काढली तेव्हा तिथल्या मुलाने मला शिंपी समजून नजर टाकली असावी. सगळ्यांचा घेर दोन मिलिमीटरच्या आत आला. बेल्ट आणि पाण्याचा पंप बदलून झाला. जुना पट्टा हातात घेऊन उलटा वाकवला तेव्हा दात्यांच्या बुडाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. तो मी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवला आहे.

इंडिपेंडन्स पास आता बर्फामुळे बंद झाला आहे, म्हणून लव्हलँड पासलाच जाऊन आलो. चाळीस मैल चालवून माथ्यावरच्या वाहनतळात स्टिअरिंग पूर्ण वळवले. हिसके गेले आहेत. कान देऊन ऐकले तर मागच्या बाजूला किंचित दबलेला आवाज आणि क्लचच्या पेडलवर अगदी हलकी थरथर अजून जाणवते. शेजारी बसलेल्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही इतकी. कपलिंगला इजा झालेली आहे, पण ते मेलेले नाही असा अर्थ मी लावत आहे. मधला डिफरन्शिअल वसंत ऋतूपर्यंत मागवून ठेवतो आणि खिंड उघडण्यापूर्वी बसवतो. गाडी विकत नाही.

मामांना दूरध्वनीवर सारे सविस्तर सांगितले. बावीस मिलिमीटरचा हिशेब त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "मग ऑगस्टात तू नवा टायर चढवलास तेव्हा जुना मोजला का नाहीस?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

करवीरकर

हा धागा वाचून काल रविवारी आमच्या सौभाग्यवतींच्या शिवणयंत्राच्या खणातली टेप घेतली आणि फॉरेस्टरचे चारही टायर मोजले. चौघेही चार मिलिमीटरच्या आत निघाले, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग सहज डिकीतली स्टेपनी काढली. ती गाडीबरोबर आलेली, एकदाही रस्त्याला न लागलेली, आणि चालू टायरांपेक्षा घेराने अठरा मिलिमीटर मोठी.

तेलकट_हात, करूळ घाटात पंक्चर झाले तर ही स्टेपनी लावून वैभववाडीपर्यंत जाता येईल का, की एखादा झिजलेला जुना टायरच स्टेपनी म्हणून ठेवावा?

तेलकट_हात

वैभववाडीपर्यंत जा, सावकाश जा, त्यापुढे जाऊ नका. आणि होय, पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा जुन्यांतला बरा टायर निवडून स्टेपनीच्या जागी ठेवण्याचा मोह आवरा, कारण नव्या चौघांशी त्याचेही जमणार नाही. पाच नवे घ्या आणि पाचवा आळीपाळीने फिरवत राहा.

करवीरकर

पाच घेतो. सौभाग्यवतींनी टेप परत मागितली आहे, तिच्यावर काळे डाग पडल्याचे अजून त्यांच्या लक्षात आलेले नाही.